हरणाऱ्या संघामागची बस: चार तारे, टेलगेटला दीड

अवे गेमला, म्हणजे संघाच्या बाहेरगावच्या सामन्याला, चाहत्यांना नेणाऱ्या बसबद्दल अभिप्राय लिहिताना लोक खरं तर मॅचबद्दलच लिहितात. आपला संघ जिंकला की बस पाच तारे, ड्रायव्हर देवमाणूस आणि सँडविचही चविष्ट. हरला की एसी चालत नव्हता. त्यामुळे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं पर्ड्यू विद्यापीठ, त्याच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या २०२४च्या मोसमावरचा माझा हा अभिप्राय जरा जास्त भरवशाचा मानायला हरकत नाही. त्या वर्षी आमच्या संघाने बाहेर जाऊन एकही सामना जिंकला नाही. घरच्या मैदानावर सुरुवातीलाच इंडियाना स्टेटला ४९-० असं धुतलं, आम्ही खूश झालो, आणि पुढचे अकराच्या अकरा सामने हरलो. अशा वर्षात जी बस चांगली वाटली, ती चांगलीच असणार.

माझं मास्टर्स पर्ड्यूचं. आता राहते इंडियानापोलिसच्या उत्तरेला, म्हणजे पर्ड्यूचं गाव वेस्ट लफायेट तासाभरावर. नवरा मिशिगनचा. २०२३च्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद त्याच्या कॉलेजकडे, त्यामुळे तो बसमध्ये फार शांत, समंजस वगैरे असतो. त्या समंजसपणाचा मला जो त्रास होतो, तो कंपनीच्या खात्यावर टाकता येत नाही.

पॅकेज असं: वेस्ट लफायेटहून मोठी बस, सामन्याचं तिकीट, किकऑफच्या (सामना सुरू होण्याच्या) आधी पार्किंगमध्ये टेलगेट, म्हणजे गाड्यांपाशीच खाणंपिणं, आणि गाव लांब असेल तर एका रात्रीचं मोटेल. कंपनीचं नाव लिहीत नाही. या धंद्यात सगळ्यांचं पॅकेज थोड्याफार फरकाने सारखंच असतं, त्यामुळे मुद्दे कुठेही लागू पडतील. जाणं अर्थातच गाडीने पोचण्याजोग्या गावांना. आमच्या बिग टेन लीगमध्ये २०२४पासून दहा नाही, अठरा संघ आहेत, त्यांतले चार पार पॅसिफिकच्या बाजूचे. तिकडे कुठली बस जाणार?

आधी बस. इथे पूर्ण गुण. वेळेवर सुटते, टॉयलेट परतीच्या वाटेवरही वापरण्याजोगं असतं (ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना याची किंमत कळेल), आणि सामना चालू असताना बस तिथेच उभी असते, त्यामुळे नेहमीची पर्स, जाड जॅकेट, डबे आत ठेवता येतात. हे महत्त्वाचं, कारण बहुतेक स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी नेता येते, साधारणपणे १२ बाय ६ बाय १२ इंचांच्या आतली. प्रत्येक ठिकाणचे बारीकसारीक नियम आमची ट्रिप लीडर आधी मेलने कळवायची. ही बाई निवृत्त शाळामास्तरीण असावी असा माझा संशय आहे. पन्नासेक माणसं, त्यातली निम्मी बिअर प्यायलेली, आणि ती नुसती भुवई उचलून सगळ्यांना जागेवर बसवते.

वेळापत्रकाचा घोळ कंपनीच्या हातात नाही, हे नवख्यांनी समजून घ्यावं. तारीख खूप आधी कळते, पण बऱ्याचशा सामन्यांची किकऑफची वेळ टीव्हीवाले ठरवतात आणि ती बहुधा १२ दिवस आधी, कधी तर फक्त ६ दिवस आधी जाहीर होते. म्हणजे सकाळी अकराचा सामना की रात्री आठचा, हे माहीत नसताना पैसे भरायचे. त्यात इलिनॉय आणि विस्कॉन्सिन आपल्यापेक्षा एक तास मागे. आमच्या कागदावर 'मैदानाची वेळ' आणि 'आपली वेळ' असे दोन रकाने असायचे. एवढ्या साध्या गोष्टीमुळे कोणी मागे राहिलं नाही.

मुक्कामाचे पैसे कशाला, असं बरेच जण विचारतात. इथल्या नियमाने प्रवासी बसच्या ड्रायव्हरला पुरेशा विश्रांतीनंतर जास्तीत जास्त १० तास गाडी चालवता येते, आणि कामाचे एकूण १५ तास भरले की पुढे चालवता येत नाही (मधे कामातून पूर्ण मोकळा असलेला वेळ यात धरत नाहीत). मॅडिसनला, म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गावी, जायला पावणेपाच तास धरा. किकऑफच्या दोन तास आधी पोचायचं, घड्याळात ६० मिनिटांचा असलेला सामना प्रत्यक्षात साडेतीन तास चालतो, पार्किंगमधून बाहेर पडायला तास, आणि परतीचे पुन्हा पावणेपाच. बेरीज करा. ड्रायव्हर मधे कामातून मोकळा होत नसेल, तर एकट्यावर एका दिवसात हे बसत नाही. कोणी मॅडिसनची एकाच दिवसातली स्वस्त ट्रिप देत असेल, तर ड्रायव्हर दोन आहेत का हे आधी विचारा.

तिकिटांच्या बाबतीत मात्र कंपनी कच्ची. पाहुण्या संघाच्या विद्यापीठाला प्रत्येक सामन्यासाठी तिकिटांचा ठरावीक कोटा मिळतो आणि त्या जागा एकगठ्ठा असतात, बहुधा कुठल्यातरी कोपऱ्यात. तिथून खेळ तिरका दिसतो, पण आजूबाजूला सगळे आपले. पॅकेजमधली तिकिटं काही वेळा त्या कोट्यातली निघाली, काही वेळा सरळ रीसेलवरून उचललेली. कोलंबसला, ओहायो स्टेटच्या मैदानावर, आम्हाला सी डेकवर, म्हणजे सगळ्यात वर, दोन इथे, चार तिथे असं विखरून टाकलं. वऱ्हाडी मंडळींना एकेकट्याला मुलीकडच्यांच्या पंगतीत बसवावं तसं. भोवती लाख माणूस लाल कपड्यांत, आणि मधे मी काळ्या-सोनेरी मफलरमध्ये. ओहायो स्टेटचे लोक वागायला वाईट नव्हते, उलट ४५-० झाल्यावर शेजारच्या काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तरी कोलंबसला एकदा जाच. १९२२चं स्टेडियम, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, आणि त्यांचा बँड चालता चालता मैदानावर वळणदार अक्षरांत 'ओहायो' लिहितो. १९३६पासूनचा रिवाज. शेवटी एक सूझाफोनवाला (अंगाभोवती घ्यायचं मोठं पितळी वाद्य) ऐटीत पुढे येऊन 'आय'वरचं टिंब होतो. त्या एका टिंबासाठी लाख माणसं उभी राहतात. पुढे सामना झाला नसता तरी चाललं असतं.

मॅडिसनला ५२-६. तिसरा क्वार्टर संपला की ठरलेलं गाणं लागतं आणि अख्खं स्टेडियम उड्या मारतं, हे १९९८पासून चालू आहे. पायाखालचं काँक्रीट खरंच हलतं. पाहुण्यांनी उड्या माराव्यात की नाही यावर आमच्या बसमध्ये दोन तट पडले. मी मारल्या. ईस्ट लॅन्सिंग (मिशिगन स्टेटचं गाव) शुक्रवारी रात्री होतं, म्हणजे ऑफिसची रजा घालवून २४-१७ हरायचं, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

टेलगेट. जाहिरातीत 'भरपूर खाणंपिणं' लिहिलेलं असतं. भरपूर असतं, पण ब्रॅटवर्स्ट आणि पुल्ड पोर्क. शाकाहारी माणसाच्या नशिबी चिप्स, कोलस्लॉ आणि बिनमांसाचा पाव. बुकिंगच्या फॉर्मवर 'शाकाहारी' अशी चौकट आहे, आम्ही ती दर वेळी भरली, आणि ती कोण वाचतं हे अजून कळलेलं नाही. नवऱ्याने दुसऱ्याच खेपेपासून दडपे पोहे आणि चटणी-सँडविच न्यायला सुरुवात केली. बसमधले एक निवृत्त शेतकरी आजोबा, बेंटन काउंटीचे, ते पोहे वाटीत घेऊन दाणे वेचून खायचे. मग त्यांनी सरळ विचारलं, "पुढच्या वेळी नुसते दाणे आणाल का?" टेलगेटसाठी मी दीड तारा देते, आणि त्यातला एक कॉफीचा.

आता शँपेन, म्हणजे इलिनॉय विद्यापीठाचं गाव. पल्ला पावणेदोन तासांचा, मुक्काम नाही, तिकिटं कोट्यातली. इलिनॉयचं स्टेडियम १९२३चं. बाहेरच्या खांबांवर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं कोरली आहेत. लवकर पोचलात तर एक फेरी मारा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही २७-३ने मागे होतो. आमच्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब उठून गेलं. आणि मग रायन ब्राउन, पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणारा आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू), सुटलाच. फेकतोय, धावतोय, कोणाच्या हाताला लागत नाही. शेवटचं मिनिट चालू असताना आम्ही ४३-४०ने पुढे! आजोबांनी माझ्या नवऱ्याला, म्हणजे मिशिगनवाल्याला, कडकडून मिठी मारली. इलिनॉयने फील्ड गोल (तीन गुणांची किक) मारून बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये त्यांचा टचडाउन (सहा गुण) आणि वर किकचा एक गुण, मग आमचा टचडाउन. एका गुणाची किक मारून सामना पुढे न्यायचा, की दोन गुणांसाठी जाऊन तिथेच निकाल लावायचा? आमचे कोच वॉल्टर्स दोनसाठी गेले. जमलं नाही. ५०-४९.

मुद्दा परतीच्या बसचा आहे. पर्ड्यूवाल्यांना अशा प्रसंगी भांडायला फार आवडतं. किक मारायला हवी होती की नाही, यावर वेस्ट लफायेटपर्यंत गाडी पेटली असती. ट्रिप लीडरने माइक घेतला, म्हणाली, "अर्धा तास ज्याला जे बोलायचंय ते बोलून घ्या, नंतर दिवे बंद." घड्याळ लावून अर्धा तास झाला, दिवे बंद झाले. ही सेवा माहितीपत्रकात लिहिलेली नाही.

मोसमाचा शेवट इंडियाना विद्यापीठाच्या गावी, ब्लूमिंग्टनला, रात्री, कडाक्याच्या थंडीत. इंडियानाविरुद्धचा सामना म्हणजे ओकच्या जुन्या बादलीसाठीचा (हाच विजेत्याचा चषक), १९२५पासून ही बादली इकडून तिकडे जाते. त्या वर्षी इंडियाना भलतंच जोरात होतं, त्यामुळे रीसेलवर तिकिटं आमच्या लायकीपेक्षा फार महाग, आणि पॅकेजची किंमतही त्या हिशेबाने चढवलेली. ६६-०. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने वॉल्टर्स यांना काढलं, यावरून काय ते समजा.

कंपनीचा नियम असा की सामना संपल्यावर तासाभराने बस सुटते, कोणी आधी निघालं तरी थांबायचं. नियम बरोबरच आहे, नाहीतर रोज कोणाची तरी वाट पाहा. पण त्या रात्री तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही पाय बधिर झाले म्हणून पार्किंगकडे आलो, तर बसचं दार उघडं, हीटर चालू, आणि ड्रायव्हरने पहिल्या पायरीवर पुठ्ठा अंथरलेला, बूट पुसायला. आत निम्मी बस आधीच भरलेली. रेडिओवर सामन्याचं वर्णन चालू असणार म्हणून मी दचकूनच चढले, तर तो बंद. लीडर थर्मासमधून गरम सायडर ओतत होती. कोणी स्कोअरचं नाव काढलं नाही. आजोबांना मात्र शेवटपर्यंत मैदानात बसायचं होतं. त्यांना आणायला लीडर स्वतः गेटपर्यंत चालत गेली.

तर बस आणि माणसं पाच तारे, तिकिटं अडीच, टेलगेट दीड. एकूण चार, कारण मी बससाठी जाते. सरासरी काढू नका.

पैशाचं एक सांगते. वेबसाइटवर एकच किंमत दिसते, पण फोन करून विचारलं तर नुसत्या बसची सीट वेगळी मिळते, बरीच स्वस्त. तिकीट पर्ड्यूच्या तिकीट ऑफिसातून पाहुण्यांच्या कोट्यातलं घ्यायचं. तिथे आधी जॉन पर्ड्यू क्लबच्या, देणगीपोटी जास्त गुण जमवलेल्या देणगीदारांचा नंबर लागतो, पण संघ हरत असला की रांग आपोआप छोटी होते आणि आपल्यासारख्यांनाही चांगल्या जागा मिळतात. डबा घरून न्या. दाणे जास्त घाला.