लेयर सुटे करणारं मॉडेल: गुण मोजपट्टीने द्यावेत की परीक्षक मॉडेलने?

बेळगाव असो वा निपाणी, फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते व्हॉट्सॲपवरचा जेपीजी घेऊन. मूळ पीएसडी, म्हणजे मजकूर, फोटो, पार्श्वभूमी वेगवेगळ्या थरांत (लेयरमध्ये) ठेवणारी फोटोशॉपची फाइल, कुणाकडेच नसते. त्यात २०२४ च्या दुरुस्तीनुसार कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, म्हणजे जुना मजकूर उचलून मांडणीच बदलायची. त्यासाठी सपाट चित्रातून लेयर सुटे करून देणारं एआय मॉडेल लागतं. ते आधी हाताशी असलेल्या पीएसडींवर शिकवतात. मग एकाच चित्राचे आठेक निकाल काढून प्रत्येकाला आपोआप गुण देतात आणि सरासरीच्या वरच्या निकालांकडे मॉडेल वळवतात. ते गुण कुणी द्यायचे, ठरलेल्या सूत्रांनी मोजणाऱ्या मोजपट्टीने की परीक्षक मॉडेलने, हे आधी ठरवावं लागतं.

मोजपट्टीचा सर्वांत स्वस्त गुण म्हणजे लेयर एकावर एक ठेवून मूळ चित्र जमतं का हे पाहणं. वरचा रंग गुणिले अल्फा (तो ठिपका किती अपारदर्शक आहे ते सांगणारा शून्य ते एकमधला आकडा), अधिक खालचा रंग गुणिले एक वजा अल्फा. पोर्टर आणि डफ यांचं १९८४ चं सूत्र. हा गुण एकटा ठेवू नका. सगळं चित्र तळाला टाकून वरचे लेयर रिकामे सोडले तरी चूक शून्य येते, आणि मॉडेल ती पळवाट हमखास शोधतं. शिवाय अक्षरांमागची पार्श्वभूमी या गुणाला दिसतच नाही, कारण ती झाकलेली असते.

म्हणून जोडीला मजकूर वाचून बघा. टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. मजकुराच्या लेयरचा रंग सोडून फक्त अल्फा काळ्या शाईसारखा पांढऱ्यावर उतरवा, नाहीतर पांढरी अक्षरं पांढऱ्यावर हरवतात. उरलेल्या लेयरमध्ये मात्र एकही अक्षर वाचता येता कामा नये. सुटलेला अनुस्वार किंवा पार्श्वभूमीला चिकटून राहिलेला कन्नड ओत्तक्षराचा (जोडाक्षरात खाली लिहिल्या जाणाऱ्या भागाचा) तुकडा इथे नेमका पकडला जातो. मंडळांच्या फ्लेक्सवरची वळणदार अक्षरं टेसरॅक्टला मूळ पीएसडीतूनही वाचता येत नाहीत. असे नमुने या गुणातून आधीच वगळा. आणि गुणांची बेरीज नको, गुणाकार करा: एक शून्य झाला की एकूणही शून्य.

परीक्षक मॉडेल, म्हणजे चित्र बघून मत देणारं मोठं मॉडेल, नेमकं मोजपट्टीच्या आंधळ्या जागी उपयोगी पडतं. अक्षर उचलल्यावर मागे भरलेली पैठणीची नक्षी पटते का, सावली माणसाबरोबर गेली की जमिनीवरच राहिली, हे त्याला कळतं. पण ते चित्र लहान करून बघतं, त्यामुळे बारीक मात्रा गेलेली त्याच्या नजरेतून सुटते. दहापैकी गुण मागितले तर बहुतेकांना सात-आठच देतं. आठही निकाल सारखेच ठरले की शिकण्यासारखं काही उरत नाही. त्यापेक्षा दोन निकाल समोर ठेवून कोणता बरा ते विचारा, मग जागा बदलून पुन्हा विचारा. उत्तर उलटलं तर ती जोडी टाकून द्या. प्रत्येक लेयर काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही पार्श्वभूमींवर दाखवा. परीक्षकाला गुळगुळीत चित्र आवडतं, म्हणून मॉडेल हळूहळू रांगोळीचा दाणाही पुसू लागतं. दर काही तासांनी निकाल स्वतः मोठे करून बघण्याला पर्याय नाही.

एक घोटाळा दोन्हीकडे होतो: काही फाइलींत रंग अल्फाने आधीच गुणलेला, काहींत नाही. दोन्ही मिसळले की कडांना काळपट किनार येते. टी-शर्टच्या डीटीएफ छपाईत (आधी फिल्मवर छापून मग कापडावर उतरवतात ती) तर अर्धपारदर्शक कडेखाली पांढरी शाई बसते आणि नावाभोवती पांढरी रेघ उमटते. शिकवण्याआधी सगळ्या फाइली एकाच प्रकारात आणा.

काम मुख्यतः पाट्या आणि पत्रिकांचं असेल आणि हाताशी एकच ग्राफिक्स कार्ड असेल, तर मोजपट्टीच घ्या. त्या कार्डावर परीक्षक बसवला तर शिकवणं रखडतं. फोटो, सावल्या आणि कापडाची नक्षी जास्त असेल तर परीक्षक हवाच, पण मोजपट्टीचे गुण स्थिरावल्यावर. त्याआधी दोनशे जोड्या दुकानातल्याच डिझायनरकडून निवडून घ्या. पाचांतल्या चार ठिकाणीही परीक्षकाचं मत त्याच्याशी जुळत नसेल, तर प्रश्नाचे शब्द बदला, आणि तरीही जुळलं नाही तर तो परीक्षक वापरू नका.