वीसपैकी दहा म्हणजे चांगलं: अल्टिमेटच्या स्पिरिट गुणपत्रकाचा रिव्ह्यू

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात अल्टिमेट फ्रिस्बीची, म्हणजे चकती (डिस्क) फेकून खेळायच्या सांघिक खेळाची, स्पर्धा भरवायची ठरली की आधी मैदान, डिस्क, खुणेचे कोन आणि पाण्याची सोय यांवर बैठका होतात. खेळाडूंच्या वागणुकीला गुण देणारा कागद मात्र आदल्या रात्री कुणीतरी घाईघाईनं प्रिंट करून आणतं. वर्ल्ड फ्लाइंग डिस्क फेडरेशनचं, म्हणजे डब्ल्यूएफडीएफचं, स्पिरिट ऑफ द गेम गुणपत्रक ते हेच. फेडरेशनच्या वेबसाइटवरून फुकट उतरवून घेता येतं. खिलाडूवृत्ती मोजायचं इतकं सरळ आणि वापरायला सोपं साधन दुसऱ्या सांघिक खेळात आमच्या पाहण्यात नाही. पण आपल्याकडे ते ज्या रीतीनं भरलं जातं, त्यात त्याचा बराचसा उपयोग वाया जातो. कारण एकच: वीसपैकी दहा गुण म्हणजे कमी, हा समज.

आधी या कागदाची गरज का पडते ते पाहू. अल्टिमेटला पंच नसतो. 1968 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका शाळेत हा खेळ सुरू झाला. आज जागतिक स्पर्धांमध्येसुद्धा फाउल झाला की नाही हे खेळाडूच ठरवतात. मोठ्या स्पर्धांत डब्ल्यूएफडीएफ गेम अॅडव्हायजर नेमते, पण ते नियम समजावून देतात, निकाल देत नाहीत. 100 मीटर लांब, 37 मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना 18-18 मीटरचे एंड झोन (समोरच्याच्या एंड झोनमध्ये डिस्क झेलली की पॉइंट), सात विरुद्ध सात. एवढ्या जागेत चौदा जण जोरात पळतात आणि प्रत्येकजण एकाच वेळी खेळाडूही असतो आणि पंचही.

फाउलचा कॉल आला की खेळ थांबतो. ज्याच्याविरुद्ध कॉल आहे तो मान्य करतो किंवा कॉन्टेस्ट करतो, म्हणजे हरकत घेतो. बोलूनही एकमत झालं नाही, तर ज्या थ्रोबद्दल वाद नाही त्या शेवटच्या थ्रोअरकडे डिस्क परत जाते आणि खेळ पुढे सुरू. आपला भाग कबड्डीचा आणि कुस्तीचा. इथल्या पोरांना लहानपणापासून शिट्टीची सवय असते: पंचानं धरलं तर आऊट, नाही धरलं तर खेळ चालू. यात लबाडी नाही, ती त्या खेळांची रीतच आहे. पण तीच सवय घेऊन कुणी अल्टिमेटमध्ये उतरला आणि स्वतःचा फाउल कळूनही गप्प राहिला, तर सगळा खेळच कोलमडतो. स्पिरिट गुणपत्रक ही सवय बदलायला मदत करतं, आणि आमच्या दृष्टीनं त्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

पत्रकावर पाच रकाने: नियमांचं ज्ञान आणि वापर, फाउल आणि शारीरिक संपर्क, न्यायबुद्धी, वृत्ती आणि स्वतःवरचा ताबा, संवाद. प्रत्येकाला 0 ते 4 गुण. मॅच संपल्यावर प्रत्येक संघ समोरच्या संघाला गुण देतो, आणि त्याच कागदावर स्वतःलाही. बेरीज 20 पैकी. 2 म्हणजे चांगलं, 3 म्हणजे खूप चांगलं, 4 म्हणजे उत्कृष्ट. उलट्या बाजूला 1 म्हणजे बरं नाही आणि 0 म्हणजे वाईट. दोन्ही संघ नीट, सभ्यपणे खेळले, कुठं काही खटकलं नाही, तर गुण पडतात 2-2-2-2-2, एकूण दहा.

इथंच गाडी अडते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका पाहत वाढलेल्या माणसाला पन्नास टक्के म्हणजे जेमतेम पास वाटतं. चांगल्या संघाला दहा दिले तर त्याचा अपमान होईल या भीतीनं कॅप्टन सगळीकडे 3 आणि 4 टाकतो. संध्याकाळी आठ संघांची सरासरी 17 ते 19 च्या मध्ये अडकते आणि बक्षीस अर्ध्या-पाव गुणानं ठरतं. त्या आकड्यातून काहीच कळत नाही. पहिल्या दिवशी कॅप्टन मीटिंगमध्ये पाच मिनिटं काढून एकच गोष्ट ठासून सांगा: सगळ्या रकान्यांत 2 पासून सुरुवात करायची, आणि 3 किंवा 1 द्यायचा तर मॅचमधला एक प्रसंग सांगता आला पाहिजे. 4 किंवा 0 दिला तर तो प्रसंग शेऱ्याच्या जागेत लिहायचाच. एवढी शिस्त पाळली तरी आकडे मोकळे होतात आणि खरोखर वेगळा वागलेला संघ उठून दिसतो.

पत्रकावरची इंग्रजी वाक्यं तशीच वाचून दाखवली तर शाळकरी संघ नुसते माना डोलावतात. त्यापेक्षा स्पिरिट कॅप्टननं, म्हणजे संघात स्पिरिटची जबाबदारी असलेल्या खेळाडूनं, मराठीत विचारावं: नियम माहीत नव्हता तेव्हा ऐकून घेतलं का? वेळेचं भान ठेवलं का? अंगावर आले का, की जागा सोडून खेळले? स्वतःच्या माणसाचा चुकीचा कॉल त्यांनी स्वतः सुधारला का? हरत असतानाही तसेच खेळले का? बोलताना आवाज चढला का? असं विचारलं की सातवीतली मुलंही अचूक बोलतात.

पाचांपैकी दोन रकान्यांवर आपल्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पहिला शारीरिक संपर्काचा. साताऱ्यात पावसाळ्याआधी दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की 175 ग्रॅमची डिस्क लांब थ्रोवर हवेत तरंगत राहते. मग तिच्याखाली चार-पाच जण जमतात, सगळे वर बघत पळत येतात आणि उडी मारताना एकमेकांवर आदळतात. सांगलीच्या काळ्या जमिनीवर पाऊस पडून गेला असेल तर पळणाऱ्याला वेळेवर थांबता येत नाही. गुण देताना संघ म्हणतात, "मुद्दाम नव्हतं ना, मग 2 द्या." हे चूक आहे. हा रकाना हेतू मोजत नाही, काळजी मोजतो. समोरचा आधी जागेवर उभा आहे हे दिसत असताना त्याच्या अंगावरून डिस्क काढायचा प्रयत्न म्हणजे 1, मग डिस्क मिळो वा न मिळो. तेच एकदा समज दिल्यावर पुन्हा झालं तर 0. आणि शेवटच्या पॉइंटला डिस्क हाताशी असताना, खाली माणूस आहे म्हणून ज्यानं उडी आवरली, त्याच्या संघाला 3 देताना हात आखडता घेऊ नका. तिथं एक पॉइंट गेलेला असतो, आणि तो त्यानं जाणूनबुजून सोडलेला असतो.

दुसरा रकाना न्यायबुद्धीचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ याच्यातच होतो. नेहमीचा प्रसंग घ्या. एंड झोनच्या कोपऱ्यात खेळाडू डिस्क पकडतो आणि एक पाय रेषेवर टेकतो. डब्ल्यूएफडीएफच्या नियमांत सीमारेषा मैदानात धरत नाहीत, म्हणजे रेषेला पाय लागला की बाहेर. पकडणारा डिस्ककडे बघत असतो, त्याला पाय दिसलेला नसतो. दोन मीटरवर उभ्या असलेल्या त्याच्याच संघातल्या माणसाला दिसलेला असतो. नियमाप्रमाणे ज्याला सगळ्यात नीट दिसलं त्याचं मत मोलाचं. तो माणूस समोरच्या संघाच्या आरड्याची वाट न पाहता "बाहेर" म्हणाला, तर काय द्यायचं? आमच्या मते मॅचमध्ये साध्या क्षणी असं घडलं तर 2, कारण पंच नसलेल्या खेळात ही किमान अपेक्षा आहे. 14-14 वर, पुढच्या पॉइंटला मॅच संपणार असताना आणि समोरच्या कुणालाच ते दिसलेलं नसताना घडलं, तर 3. समोरच्यांनी विचारल्यावर तो गप्प राहिला तर 1. हा फरक स्पर्धेआधी सगळ्या कॅप्टननी एकत्र बसून ठरवून घेतला नाही, तर एकाच वागणुकीला एक संघ 4 देतो आणि दुसरा 2.

याच रकान्यात आणखी एक चूक होते. खूप कॉल करणारा संघ म्हणजे वाईट स्पिरिट, असं धरलं जातं. तसं नाही. थ्रोअरला अडवायला समोर उभा असलेल्या मार्करनं दहा सेकंदांचा स्टॉल काउंट (डिस्क सोडायला थ्रोअरला मिळणारा वेळ) भरभर मोजला, तर "फास्ट काउंट" म्हणणं थ्रोअरचा हक्क आहे. मार्करनं एक आकडा मागे येऊन पुन्हा मोजायचं, खेळ थांबतसुद्धा नाही. असे कॉल नियमाच्या ज्ञानात धरावेत. निकालावर काहीच परिणाम नसलेल्या बारीक स्पर्शासाठी खेळ थांबवत राहणं मात्र न्यायबुद्धीत कमी गुणांचं.

उरलेल्या तीन रकान्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते बहुतेक संघ बरोबर भरतात. वृत्तीच्या रकान्यात फक्त एवढं बघा की हरलेल्या मॅचचा राग त्यात उतरत नाही ना.

त्यासाठी कागद कधी भरायचा हे महत्त्वाचं. मॅच संपली की लगेच कागद हातात देऊ नका. आधी स्पिरिट सर्कल: दोन्ही संघ एकाआड एक उभे राहून, खांद्यावर हात टाकून एक गोल करतात, दोन्ही बाजूंचे स्पिरिट कॅप्टन काय आवडलं आणि काय खटकलं ते बोलतात. खटकलेल्या बऱ्याच गोष्टी तिथंच मिटतात. त्यानंतर संघ बाजूला बसतो, पाच प्रश्न एकेक करून विचारले जातात, हात वर करून गुण ठरतात आणि पुढच्या मॅचआधी कागद टेबलवर जातो. दहा मिनिटांत होतं. संध्याकाळी सगळ्या मॅचचे कागद एकदम भरायला दिले तर सकाळची मॅच कुणालाच नीट आठवत नाही. शेवटच्या मॅचचा राग किंवा आनंद सगळ्या कागदांवर पसरतो. एकट्या कॅप्टननं मोटारसायकलवर बसून भरलेला कागद तर घेऊच नका. मैदानावर मोबाइलला नेटवर्क धड असेल तर गुगल फॉर्म चालतो, बेरीज आपोआप होते. नाहीतर कागदच बरा.

किती कागद लागतील? आठ संघ, चार-चारचे दोन गट धरले तर गटात 12 मॅच, मग दोन उपांत्य, तिसऱ्या जागेची एक आणि अंतिम, अशा 16. प्रत्येक मॅचला दोन कागद, म्हणजे 32. खराब होणारे धरून 40 काढा.

आता हिशोब. इथंही संयोजकांचा पाय घसरतो. वरच्या चार संघांच्या पाच मॅच होतात, बाकीच्यांच्या तीनच. एका संघाला तीन मॅचमध्ये 12, 11 आणि 13 मिळाले: बेरीज 36, सरासरी 12. दुसऱ्याला पाच मॅचमध्ये 10, 11, 10, 12, 11: बेरीज 54, सरासरी 10.8. नुसती बेरीज पाहिली तर बक्षीस दुसऱ्याला जातं, आणि खेळात खाली राहूनही सगळ्यांशी उत्तम वागलेला पहिला संघ रिकाम्या हातानं घरी जातो. म्हणून नेहमी सरासरी. बरोबरी झाली तर न्यायबुद्धीच्या रकान्याची सरासरी पाहायची, असं आम्ही सुचवतो. काहीही ठरवा, पण ते पहिल्या मॅचआधी जाहीर करा.

बेरीज झाली की बहुतेक जण कागद फेकून देतात, पण त्यावर संघानं स्वतःला दिलेले गुणही असतात, ते जपून ठेवा. प्रशिक्षकासाठी सगळ्यात कामाचा आकडा तिथंच आहे. संघानं संपर्काच्या रकान्यात स्वतःला 3 दिले आणि तीन वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांनी 1 दिला, तर पुढच्या महिन्याचा सराव कशावर घ्यायचा हे लिहूनच मिळालं.

साधनात उणिवा आहेतच. ओळखीच्या संघांनी एकमेकांना वाढवून गुण दिले तर पत्रक ते रोखू शकत नाही. एखादा संघ सगळ्यांनाच फार कमी किंवा फार जास्त देतोय का, हे स्पर्धेच्या संचालकानं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पाहावं आणि त्या स्पिरिट कॅप्टनशी बोलावं. दुसरं म्हणजे गुण संघाला मिळतात, एकट्या खेळाडूला नाहीत. त्यामुळे एखाद्याचं सुंदर वागणं सरासरीत हरवतं. त्यावर उपाय म्हणजे दर मॅचनंतर सर्कलमध्येच समोरच्या संघातला एक स्पिरिट खेळाडू निवडणं आणि का निवडला ते सगळ्यांसमोर एका वाक्यात सांगणं. हातात साधा बॅज दिला तरी पुरतो. ते वाक्य ऐकताना पोरांचे चेहरे बघावेत.

ट्रॉफीबद्दल एक आग्रह. स्पिरिटची ट्रॉफी विजेत्याच्या ट्रॉफीएवढ्याच उंचीची घ्या. मोठा चषक विजेत्याला आणि कोपऱ्यात ठेवलेलं लाकडी स्मृतिचिन्ह स्पिरिटला, असं झालं की पाचही रकान्यांची मेहनत वाया जाते. पुढच्या वर्षी ते बक्षीस कुणालाच नको असतं. दुकानात ऑर्डर देतानाच दोन्ही एकत्र सांगा, आणि नाव कोरायची पट्टी रिकामी ठेवायला सांगा, कारण सरासरी अंतिम सामन्यानंतरच निघते. पाहुणे निघून जायच्या आत निकाल लागावा म्हणून अंतिम सामना सुरू होण्याआधी बाकी सगळ्या मॅचची बेरीज पूर्ण करून ठेवा. मग फक्त दोन कागद उरतात.

आमची शिफारस: कॉलेजच्या आणि क्लबच्या स्पर्धांसाठी डोळे झाकून घ्या. ज्या शाळेत मुलांनी नुकतीच डिस्क हातात धरलीय, नियम अजून कच्चे आहेत आणि मैदानही पाच-पाचच्या खेळापुरतंच आहे, तिथं पहिले काही महिने आकडे बाजूला ठेवून फक्त सर्कल घ्या. स्टॉल, पिव्हट (डिस्क हातात असताना एक पाय जागेवर रोवून वळणं) आणि फाउलचा कॉल मुलांना नीट जमायला लागला, कॉल झाल्यावर ती आपापल्या जागी थांबून बोलायला लागली, की मग कागद द्या.