पीओपीत कोणती एलईडी स्ट्रिप टाकावी: आरजीबी, आरजीबीडब्ल्यू की सीसीटी?

हा निर्णय पीओपी बंद होण्याआधीच घ्या, कारण वायरी वेगवेगळ्या लागतात: आरजीबीला चार, आरजीबीडब्ल्यूला पाच, सीसीटीला तीन. नंतर विचार बदलला तर छत उकरावं लागतं.

आरजीबी सगळ्यात स्वस्त. लाल, हिरवा, निळा यांना ० ते २५५ पर्यंत आकडे द्या, हवा तो रंग मिळतो. अडतं ते पांढऱ्याशी. तिन्ही चिपांचा प्रकाश वर्णपटाच्या अरुंद पट्ट्यांतच असतो, मधला पिवळा-नारिंगी भाग जवळपास रिकामा. त्यामुळे भिंत पांढरी दिसते, पण त्याच उजेडात सागवानी कपाट आणि माणसांचे चेहरे विचित्र दिसतात. दिवाळीपुरती किंवा टीव्हीमागे लावायला ठीक. रोजच्या उजेडाला अजिबात नको.

आरजीबीडब्ल्यूमध्ये पांढऱ्याची स्वतंत्र चिप असते. पांढरा हवा तेव्हा फक्त तोच चॅनेल चालवायचा. मात्र त्या पांढऱ्याची छटा कारखान्यातच ठरलेली असते, म्हणून ऑर्डर देताना केल्विन (छटेचा आकडा: कमी म्हणजे पिवळसर, जास्त म्हणजे निळसर पांढरा) सांगा. हॉलला २७०० किंवा ३००० बरं. ६५०० घेतलंत तर रात्री दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं.

सीसीटीत रंग नाहीत, फक्त वॉर्म आणि कूल असे दोन पांढरे. त्यांचं प्रमाण बदलून २७०० ते ६५०० मधली छटा मिळते. मधल्या छटा किंचित गुलाबीकडे झुकतात, पण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अभ्यासाची खोली, स्वयंपाकघर आणि खरं तर हॉललाही हाच आमचा पहिला पर्याय. रंगांची हौस महिन्याभरात फिटते, पांढरा रोज लागतो. आरजीबीडब्ल्यू आणि सीसीटीत सीआरआय (त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या पुढचा मागा. आरजीबीडब्ल्यूत तो आकडा पांढऱ्या चिपेचा असतो.

आता हमखास होणारी चूक. मीटरला ६० एलईडींची ५०५० (५ मिमी चौरस एलईडीची) आरजीबी स्ट्रिप साधारण १४.४ वॅट घेते. पाच मीटरला ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर. एसएमपीएस (घरातली वीज १२ व्होल्टवर आणणारा सप्लाय) १०० वॅटचा घ्या. तरीही एकाच टोकाने सप्लाय दिला तर पांढरा शेवटाकडे लालसर होत जातो. निळ्या-हिरव्या चिपेला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. व्होल्टेज पडलं की आधी निळा-हिरवा मंदावतो. सप्लाय दोन्ही टोकांनी द्या, किंवा सरळ २४ व्होल्टची स्ट्रिप घ्या. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा होतो.

मखरासाठी धावते दिवे हवे असतील तर डब्ल्यूएस२८१२बी ही पिक्सेल स्ट्रिप, म्हणजे प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलता येणारी. कंट्रोलरवर लाल निवडला आणि हिरवा लागला तर ती परत करायला धावू नका: या चिपेला आकडे हिरवा, लाल, निळा या क्रमाने लागतात. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये क्रम ‘जीआरबी’ करा.