कॅसिओ एफ-९१डब्ल्यू: २१ ग्रॅमचं नेटकं घड्याळ

र्‍युसुके मोरिआई यांनी डिझाइन केलेलं हे घड्याळ १९८९ पासून जवळपास जसंच्या तसं विकलं जातंय, आणि ते योग्यच आहे. जाडी फक्त ८.५ मिमी, त्यामुळे शर्टाच्या कफात अडकत नाही. बटणं तीनच, प्रत्येकाचं काम काचेवर त्याच्या शेजारीच छापलेलं. बारीक निळी चौकट नजर थेट आकड्यांवर नेते.

वेळ लावायला डावीकडचं खालचं बटण तीनदा दाबा. सेकंद लुकलुकले की उजवं बटण दाबून शून्यावर आणा. वरच्या डाव्या बटणाने तास, मिनिटं, तारीख यांवर जा आणि उजव्या बटणाने आकडे बदला. वर्ष साठवत नसल्याने फेब्रुवारी कायम २८ दिवसांचा, म्हणून लीप वर्षात तारीख हाताने सुधारावी लागते.

दिवा मात्र खरंच कमकुवत आहे: एकच हिरवा एलईडी, तोही डावीकडे, त्यामुळे उजवीकडचे सेकंद अंधारातच राहतात.

सेल सीआर२०१६, साधारण ७ वर्षं चालतो. बदलताना मागचे चार स्क्रू सांभाळून काढा. आतली इवलीशी स्प्रिंग हरवली तर बीप बंद! रबरी रिंग खाचेत नीट बसली नाही तर पाणी शिरतं. पोहायला घालू नका.