मोठ्यांचं प्रशिक्षण आखताना: ॲडी, सॅम, गॅने, मेरिल की ॲक्शन मॅपिंग?

शिफ्ट बदलताना एका सिस्टरने दुसरीला रुग्णांची माहिती कशी सोपवावी, यावर मला एका रुग्णालयासाठी प्रशिक्षण आखायचं होतं. हँडओव्हरमध्ये महत्त्वाच्या गोष्टी सुटतात, अशी व्यवस्थापनाची तक्रार होती. मी रीतसर कामाला लागले. उद्दिष्टं लिहिली, मुद्दे पाडले, स्लाइड्स केल्या, शेवटी चाचणी जोडली. पहिल्याच बॅचला मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ सिस्टरनी विचारलं, "मॅडम, काय सांगायचं ते आम्हाला पाठ आहे. पण सातला जाणारी आणि सातला येणारी, या दोघींनी एका बेडपाशी पाच मिनिटं उभं राहायचं कधी?"

सगळ्यांच्या माना हलल्या. दोन शिफ्ट एकमेकींवर एक मिनिटही येत नव्हत्या. ही गोष्ट माझ्या आराखड्यात कुठेच नव्हती, कारण ज्यांना ती माहीत होती त्यांना विचारायला मी जागाच ठेवली नव्हती.

म्हणून प्रशिक्षण आखण्याचं मॉडेल, म्हणजे ठरलेली रीत, निवडताना आता मी सगळ्यात आधी हे पाहते: शिकणाऱ्याचा अनुभव या मॉडेलमध्ये कुठल्या दारातून आत येतो, आणि किती वेळा. खालची तुलना त्याच नजरेने केली आहे, उदाहरणही शक्यतो हँडओव्हरचंच घेतलं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू

"ॲडी वापरू की मेरिल?" असं नवे प्रशिक्षण आखणारे हमखास विचारतात. पण ही दोन एकाच कामाची मॉडेल नाहीत. ॲडी आणि सॅम प्रकल्प कसा चालवायचा ते सांगतात. गॅने आणि मेरिल तास कसा रचायचा ते सांगतात. ॲक्शन मॅपिंग या सगळ्यांच्या आधी येतं, मुळात प्रशिक्षण हवं आहे का हे विचारायला. त्यामुळे तुलना ज्याची त्याच्याशी करावी, आणि बहुतेक कामांत प्रत्येक गटातून एकेक उचलावं लागतं.

ॲडी की सॅम: बदल करणं किती महाग आहे?

ॲडी (ADDIE) हे नाव पाच टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. याचं मूळ १९७५ साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी लष्करासाठी तयार केलेल्या पद्धतीत आहे. हजारो लोकांना, अनेक ठिकाणी, सारखंच शिकवायचं ही तिथली गरज होती. ॲडीचं बळ आणि मर्यादा दोन्ही त्यातूनच येतात. शिकणाऱ्याचा अनुभव इथे विश्लेषणाच्या दारातून आत येतो, आणि बहुधा एकदाच. मूल्यमापन प्रत्येक टप्प्यावर करता येतं हे खरं. पण विश्लेषणाच्या अहवालावर एकदा सही झाली की मागे वळायला कोणी तयार नसतं, हे मी वारंवार पाहिलं आहे.

सॅम (SAM, Successive Approximation Model) हे मायकेल ॲलन यांनी २०१२ मध्ये ॲडीला पर्याय म्हणून मांडलं. थोडी पूर्वतयारी, मग कच्चा नमुना, तो शिकणाऱ्यांपुढे ठेवायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा ठेवायचा. सहसा तीन फेऱ्या. अनुभवी माणसांसाठी ही रीत फार सोयीची आहे. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारलं तर ती "सगळं ठीक आहे" म्हणतात, पण समोर अर्धवट नमुना ठेवला की "हे असं होत नाही आमच्याकडे" हे लगेच बाहेर येतं. माझा हँडओव्हरचा पहिला नमुना चार कागदांचा असता आणि दोन सिस्टरपुढे ठेवला असता, तर ड्यूटीच्या वेळांचा प्रश्न पहिल्या दिवशीच कळला असता.

तरीही सॅम सरसकट घेऊ नका. निर्णय घेणारी व्यक्ती प्रत्येक फेरीला बसणार नसेल तर फेऱ्या संपत नाहीत. मजकुराला कायदेशीर मंजुरी लागत असेल, चित्रीकरण असेल, किंवा पाच भाषांत आवृत्त्या निघणार असतील, तर उशिरा सुचलेली एक दुरुस्ती पाच ठिकाणी करावी लागते. अशा कामाला ॲडीच बरं. मात्र विश्लेषणात नुसती प्रश्नावली भरून घेऊ नका, प्रत्यक्ष काम चालू असताना शेजारी उभं राहून पाहा.

(डिक आणि केरी यांचं १९७८ चं मॉडेल ॲडीच्याच घराण्यातलं, पण जास्त काटेकोर. धडा लिहिण्याआधी चाचणी लिहायची, ही त्यातली सवय मी कुठल्याही मॉडेलसोबत वापरते. अख्खं मॉडेल मात्र प्रमाणपत्राच्या परीक्षेसारख्या कामालाच परवडतं.)

गॅने की मेरिल: समोरच्याला आधी किती येतं?

माझ्या मते खरी निवड इथे आहे, आणि इथेच सगळ्यात कमी विचार होतो.

रॉबर्ट गॅने यांच्या नऊ पायऱ्यांत लक्ष वेधणं, उद्दिष्ट सांगणं, आधीचं आठवायला लावणं, मजकूर मांडणं, मार्गदर्शन, सराव, अभिप्राय, तपासणी आणि शेवटी ते टिकवून कामात उतरवणं असा क्रम आहे. शिकणाऱ्याचा अनुभव तिसऱ्या पायरीवर आत येतो, तोही "आठवण" म्हणून. सूत्रं शिकवणाऱ्याच्या हातात राहतात. डेव्हिड मेरिल यांनी २००२ मध्ये अनेक पद्धतींमधून समान तत्त्वं वेचून पाच ठेवली: खरी समस्या मध्यभागी, आधीचं ज्ञान जागं करणं, करून दाखवणं, करायला लावणं, आणि शिकलेलं स्वतःच्या कामात मिसळणं. इथे तास सुरूच होतो तो शिकणाऱ्याच्या कामातल्या समस्येपासून.

हँडओव्हरचा तास मी नंतर मेरिलच्या रीतीने पुन्हा बांधला. नावं खोडलेली एक खरी नोंद दोघींच्या जोडीला दिली. एकीने माहिती सोपवायची, दुसरीने ऐकून लगेच सांगायचं: पुढच्या तासाभरात मी कुठल्या बेडकडे आधी जाईन, आणि का? पहिल्याच फेरीत एका जोडीच्या लक्षात आलं की रक्तदाब सांगितला गेला, पण तो उतरत चालला आहे हे सांगायचं राहिलं. मग मी एसबार (SBAR) या माहिती सोपवण्याच्या तक्त्याच्या चार भागांत, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि सुचवणी या क्रमाने, तीच माहिती सोपवून दाखवली. पुढच्या नोंदी क्रमाक्रमाने अवघड होत्या. शेवटी प्रत्येकीने आपल्या वॉर्डसाठी त्या तक्त्यात एक बदल सुचवला. बोललं जास्त त्यांनीच.

मग मोठ्यांसाठी नेहमी मेरिलच का नको? कारण वय वाढलं म्हणजे प्रत्येक विषयात अनुभव आलाच असं नाही. प्रौढ स्वतःच्या दिशेने, स्वतःच्या अनुभवातून शिकतो, हा विचार अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी लोकप्रिय केला. १९७० च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात त्यांनी प्रौढांचं शिकणं मुलांच्या शिकण्याच्या विरोधात उभं केलं होतं. १९८० च्या आवृत्तीत ते बदलून "मुलांच्या शिकण्याकडून प्रौढांच्या शिकण्याकडे" अशा अर्थाचं केलं. हा बदल फार महत्त्वाचा आहे. पंचवीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई नव्या सॉफ्टवेअरपुढे पूर्ण नवखी असू शकते. तिला थेट समस्येत टाकलं तर ती घाबरते, आणि सगळ्यांसमोर चुकणं मोठ्या माणसाला फार लागतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. नवख्याला जे पायरीपायरीचं मार्गदर्शन तारतं, तेच जाणकाराला अडथळा होतं. कल्युगा, स्वेलर या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा उलटा परिणाम सविस्तर मांडला. एकाच वर्गात दोन्ही प्रकारची माणसं असली की प्रशिक्षक वैतागतो ते याचमुळे. तेव्हा नव्या यंत्रासाठी, औषधाच्या मात्रेच्या गणितासाठी, नव्याने रुजू झालेल्यांच्या पहिल्या आठवड्यासाठी गॅने. रोज करत असलेल्या कामात सुधारणा हवी असेल तर मेरिल. वर्ग मिश्र असेल तर बॅच वेगळ्या करा. ते जमत नसेल तर समस्या सगळ्यांना एकच द्या आणि पायऱ्यांचा कागद बाजूच्या टेबलावर ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

ॲक्शन मॅपिंग: सगळ्यात आधी

कॅथी मूर यांनी २००८ मध्ये मांडलेली ही रीत साधी आहे. संस्थेला मोजता येईल असा कोणता फरक हवा आहे? त्यासाठी लोकांनी प्रत्यक्ष काय करायला हवं? ते आज का करत नाहीत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "माहीत नाही" किंवा "जमत नाही" असं आलं तरच प्रशिक्षण. "वेळ नाही", "फॉर्म चुकीचा आहे", "केलं तर वरिष्ठ रागावतात" अशी उत्तरं आली तर तुमचा कोर्स कितीही सुंदर असो, काही बदलणार नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडायला सुरुवात केली, त्यातली शेवटची म्हणजे संस्थेला दिसलेला परिणाम. ॲक्शन मॅपिंग तिथूनच सुरुवात करतं.

अडचण एकच: काम देणाऱ्याला "तुम्हाला कदाचित प्रशिक्षण नकोच" हे ऐकायला आवडत नाही. ते सांगण्याइतका शब्दाला मान नसेल तर निदान तिसरा प्रश्न शिकणाऱ्यांपैकी तिघांना विचारा आणि त्यांचीच उत्तरं, त्यांच्याच शब्दांत, पुढे ठेवा.

हाताशी एक आठवडा आणि एकटी मी असेन, तर मी असं करते: सोमवारी ते तीन प्रश्न, मंगळवारी कागदी नमुना दोघांपुढे, मग मेरिलच्या रीतीने एक तास, आणि नवख्यांसाठी गॅनेच्या क्रमाने लिहिलेलं एक पान. त्या रुग्णालयात शेवटी दोन शिफ्ट पंधरा मिनिटं एकमेकींवर आणल्या गेल्या. माझं दिवसभराचं प्रशिक्षण चाळीस मिनिटांच्या सरावावर आलं, आणि तो सराव वॉर्डमध्येच, बेडपाशी उभं राहून झाला.