हरणाच्या मांसाचा उग्रपणा: मिठाचे पाणी, ताक की व्हिनेगर?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि तो संपता संपता शेजाऱ्याकडून किंवा सहकाऱ्याकडून कागदात गुंडाळलेली दोन-चार पाकिटे मराठी घरांतही येऊन पोहोचतात. शिकारीचे हे मांस तेथे विकता येत नाही, भेट देता येते. दुकानात मिळते ते पाळलेल्या हरणाचे, बरेचदा न्यूझीलंडहून आलेले आणि चवीला पुष्कळ सौम्य असते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार करणे आणि तिचे मांस बाळगणे हा गुन्हा आहे, त्यामुळे पुढील तुलना तिकडे राहणाऱ्यांच्या स्वयंपाकघरापुरतीच आहे.

कशात भिजवायचे हे ठरवण्याआधी सुरी हातात घ्यावी लागते. ज्याला आपण उग्र वास म्हणतो त्याचा मोठा वाटा चरबीत असतो, आणि हरणाच्या चरबीत स्टिअरिक आम्ल भरपूर असल्यामुळे ती फार लवकर थिजते. रस्सा जरा निवला की ओठांवर आणि टाळूला मेणासारखा जो थर बसतो, तो तिचाच. मटणवाल्याकडून चरबीचा तुकडा मागून घेण्याची सवय असलेल्या माणसाला ती फेकणे जिवावर येते, पण येथे दयामाया नको. पांढरी चरबी, स्नायूवरचा चंदेरी पडदा आणि मधल्या गाठी हे सारे पाकीट फ्रीझरमध्ये टाकण्यापूर्वीच काढावे, कारण ही चरबी गोठलेल्या अवस्थेतही हळूहळू खवट होत राहते. हंगाम संपतो न संपतो तोच मार्गशीर्ष लागतो, म्हणून महिनाभर पाकिटाला हात न लावणाऱ्या घरांना याचा फटका हमखास बसतो.

यानंतर भिजवण्याचा प्रश्न येतो. एक लिटर पाण्याला पन्नास-साठ ग्रॅम मीठ घालून मांस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, तर सकाळी पाणी गुलाबी झालेले दिसते. ते रक्त नसून मुख्यतः मायोग्लोबिन या रंगद्रव्याचे पाणी असते. मीठ मांसात खोलवर शिरते आणि शिजताना ओलावा धरून ठेवते, जो हरणाच्या कमी चरबीच्या मांसाला फार आवश्यक असतो. मांसाची मूळ चव या पद्धतीत सर्वांत कमी बदलते. मात्र माजावर आलेल्या मोठ्या नराचा वास केवळ मिठाने जात नाही, आणि नोव्हेंबर हा नेमका त्यांच्या माजाचा काळ असतो.

ताकाची आंबटी सौम्य असते आणि ती पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच आत जाते, म्हणून अखंड मोठ्या तुकड्यापेक्षा इंचभर फोडींना ताक अधिक मानवते. अमेरिकेत खोक्यात मिळणारे बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा बरेच दाट असते. ते नको असेल तर आंबट दही थोडे पाणी घालून घुसळावे. सहा ते बारा तासांनी फोडी निथळून ते ताक ओतून द्यावे. जीव हळहळला तरी ते रश्श्यात घालू नये, कारण ते उकळताना फाटते आणि रस्सा चोथट होतो.

व्हिनेगर या तिघांत सर्वांत जोरकस आहे. जर्मन घरांत मांस कित्येक दिवस व्हिनेगरात मुरवून साउअरब्राटन करतात, आणि जर्मन वस्ती मोठी असलेल्या विस्कॉन्सिनमध्ये तो प्रकार हरणाचाही होतो. आपल्याकडे हेच काम गोव्याचे विंदालू करते, ज्याचे नावच वाइन आणि लसूण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले आहे. व्हिनेगराला स्वतःची ठसठशीत चव असते, त्यामुळे हरणाचीच चव हवी असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. जून नराच्या खांद्याला आणि मानेला मात्र मी दुसरे काही सुचवणार नाही. पातळ काप त्यात फार वेळ ठेवले, तर वरून पिठूळ होतात.

भिजवण्याइतकेच महत्त्व तुकडा कोणत्या भागाचा आहे याला असते. पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी, जिला शिकारी बॅकस्ट्रॅप म्हणतात, ती मी पहिल्या वर्षी सवयीने कुकरमध्ये चार शिट्ट्या देऊन शिजवली. वास गेला नाहीच, आणि घास खडूसारखा तोंडात फिरत राहिला. त्या भागात विरघळायला कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारे प्रथिन, फारसे नसते, म्हणून त्याला केवळ मीठ आणि कडकडीत तव्यावरची काही मिनिटे पुरतात. अमेरिकेतील सरकारी शिफारस हरणाचे मांस आतून १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवण्याची आहे, आणि बहुतेक शिकारी हा भाग त्याआधीच उतरवतात. घरात गरोदर स्त्री, लहान मूल किंवा वृद्ध असतील, तर या पट्टीचा मोह सोडून खांदा, मान किंवा नळ्या घ्याव्यात, ज्या मंद आचेवर तीन तास शिजल्या की कोलॅजन विरघळून रस्सा आपोआप दाट होतो. हरणांमधील क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग मात्र कोणत्याही घरगुती शिजवण्याने निष्प्रभ होत नाही. ज्या भागात तो आढळला आहे तेथील हरणाची चाचणी झाली का, हे देणाऱ्याला विचारण्यात संकोच करू नये.

भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा मटणासारखा रस्सा करायचा असेल, तर मी फोडी ताकात भिजवून मंद आचेवर शिजवणे पसंत करीन, कारण काढून टाकलेल्या चरबीची उणीव खोबऱ्याचे तेल भरून काढते आणि ते टाळूला चिकटत नाही. चरबी पूर्ण निघाली नसल्याची शंका असेल, तर ताटे आधी गरम पाण्याने शेकून घ्यावीत आणि रस्सा निवण्यापूर्वी वाढावा.