न्यूरोफीडबॅक, रत्नागिरी – गांजाऐवजी चिंतेवर घेतलं, पाचपैकी साडेतीन स्टार

रिव्ह्यू लांबलाय, कारण आमच्या बाजूला हे नक्की काय असतं ते कुणालाच माहीत नाही, मी सांगितलं तर मित्र म्हणाला मेल्या डोक्याला शॉक घेतोस काय. शॉक नसतो बाबा. करंट आत जातच नाही, मेंदूतून जी बारीक वीज निघते ती फक्त मोजतात, साधा ईईजी, आणि ती तुम्हाला तिथल्या तिथे आवाजातून किंवा स्क्रीनवर परत दाखवतात.

माझं दुखणं चिंतेचं. सीझनला होमस्टे फुल असतो तेव्हा मरायला वेळ नाही, पण पाऊस लागला, बुकिंग आटली की छातीत धडधड आणि रात्री तीनला डोळे टक्क उघडे. त्यावर गांजाचा उतारा चालायचा. थोडा ओढला की बरं, पण जरा जास्त झाला की तीच धडधड दुप्पट, आणि वर पोलिसांची भीती, म्हणजे चिंता घालवायला चिंताच विकत घ्यायची. त्यात आईला वास कळायला लागला.

तर सेशन असं. खुर्चीत बसवतात, कानाला क्लिपा, डोक्याच्या मागच्या भागावर इलेक्ट्रोड (ती वीज मोजणारी वायरीची चकती), त्याखाली दाट पांढरी पेस्ट. खोबरेल लावून जाऊ नका!! कोकणातल्या माणसाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं, तेलावर इलेक्ट्रोड धरत नाही, मला तिथल्या बाथरूममध्ये डोकं धुवायला लावलं. मग डोळे मिटायचे, अल्फा म्हणजे सेकंदाला ८ ते १२ वेळा होणारी लहर वाढली की हेडफोनमध्ये समुद्राच्या लाटा मोठ्याने वाजतात, कमी झाली की आवाज बारीक. (आमच्या घरामागे त्याच लाटा फुकट वाजतात, असो.) गंमत अशी की आवाज मोठा करायचाच म्हणून जोर लावलात की तो गायब. दात आवळले तरी मशीनला कळतं, सेशन घेणाऱ्या मॅडम लगेच म्हणणार जबडा सैल सोडा दादा. मला तोपर्यंत पत्ताच नव्हता की मी दिवसभर दात आवळून फिरतो. पैसे वसूल कशाने झाले विचाराल तर या एका गोष्टीने.

मॅडम शिकलेल्या आहेत, फेकाफेकी करत नाहीत. साठच्या दशकात अमेरिकेत ‘जो कामिया’ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसांना स्वतःची अल्फा लहर ओळखायला शिकवलं, बॅरी स्टर्मन या संशोधकाने मांजरींना मेंदूची ठरावीक लहर वाढवायला ट्रेन केलं, हे सगळं त्यांनीच सांगितलं. गांजाचंही पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलल्या, की रोज ओढणाऱ्याने सोडला की एक-दोन दिवसात चिडचिड, झोप उडणं, बेचैनी सुरू होते आणि ती साधारण दोन आठवडे तरी राहते, त्या काळात मशीन चालतं की नाही ते ठरवू नका, आणि मानसोपचार डॉक्टरांना आधी दाखवून या. हे मला आवडलं, कारण बाहेर लावलेल्या बोर्डावर मात्र चक्क ‘गॅरंटी’ लिहिलंय. ते काढा कृपया.

आता फरक पडला का? पडला. झोप सुधारली, तीनला जाग आली तरी जबडा सोडून परत पडता येतं, पुडीची आठवण येते पण हात जात नाही. पण हे सगळं वायरीमुळेच झालं असं छातीठोकपणे मी नाही सांगणार. गांजाच बंद झाल्यामुळे झोप आपोआप सुधारली असेल, आठवड्यातून दोनदा अर्धा तास मोबाईलशिवाय बसतोय तेही असेल. अमेरिकेत एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मुलांवर मोठी चाचणी झाली होती, २०२१ ला रिझल्ट आला, काही मुलांना खरं न्यूरोफीडबॅक, काहींना नुसतं नाटक, आणि सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच. तो आजार वेगळा हे मान्य, पण पैसे भरण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

दीड स्टार कापला तो पैशासाठी. सेशनचे दीड हजार, वीस-तीस तरी करा म्हणतात, आणि रिसेप्शनवरचा मुलगा पूर्ण पॅकेज आधी भरा म्हणून मागे लागतो, रिफंड नाही. मी एकेका सेशनचे पैसे भरत गेलो, कुरकुरले पण चालतं. सुरुवातीला १९ इलेक्ट्रोडची टोपी घालून ब्रेन मॅप, म्हणजे मेंदूच्या लहरींचा नकाशा काढतात त्याचे वेगळे पैसे, हातात रंगीत प्रिंट मिळते जिच्यातलं मला लाल-निळ्यापलीकडे काही कळलं नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, सेशन फुकट जात नाही.

गुहागर साईडने येणाऱ्यांनी तवसाळ-जयगड फेरीबोट धरून वेळ घ्या, चुकली की सेशन गेलं आणि पैसे तरीही लागतात. ज्यांना पॅनिक अटॅक येतात किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात त्यांनी इथे येत बसू नका, सरळ डॉक्टर, नाहीतर १४४१६ ला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. बाकीच्यांनी चार-पाच सेशन सुटे घेऊन बघा. अपॉइंटमेंटला व्हॉट्सॅपच टाका, फोन कुणी उचलत नाही.